ब्रिक्स मीटर ते सोन्याचा पापुद्रा : उसाची पारख करणारा प्रकाश



हंगामाच्या तोंडावर एका गावी शेतकरी मेळावा होता. बियाणे, खते, तोडणी कार्यक्रम असे नेहमीचे विषय झाले आणि एका जुन्या सभासदाने उभे राहून मला विचारले, "साहेब, तुमचा माणूस येतो, उसाला टोच्या मारतो, थेंबभर रस त्या नळीवर टाकतो, एक डोळा मिटून आभाळाकडं बघतो आणि म्हणतो, अजून पिकला नाही. त्या नळीत त्याला नक्की दिसतं तरी काय?" मंडळी हसली. तेवढ्यात मागच्या बाजूने एक तरुण सभासद म्हणाला, "साहेब, आता म्हणे काचेवर सोन्याचा मुलामा देऊन त्यावर रोगाचे जंतू ओळखतात. ते आपल्याकडं कधी येणार?"

एक प्रश्न शंभर-दीडशे वर्षांच्या जुन्या यंत्राचा आणि दुसरा अगदी नव्याचा. वेळ कमी होता, म्हणून मी चार वाक्यांत उत्तर देऊन खाली बसलो. पण घरी येताना मनात आले, की दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे आणि ते सगळ्या सभासदांना नीट सांगायला हवे. म्हणून हा लेख.

उतारा सगळ्यांचा मिळून असतो

आधी या विषयाचा आपल्या खिशाशी संबंध काय ते पाहू. आपल्याकडे उसाचा दर प्रत्येकाच्या उसातली साखर वेगळी मोजून दिला जात नाही. कारखान्याचा सरासरी साखर उतारा काय पडला, त्यावर तो ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली. त्यापुढे प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जादा. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे झाले. एखाद्या कारखान्याने हंगामात पाच लाख टन ऊस गाळला असे धरले, तर ०.१ टक्क्याचा फरक हा १ कोटी ७३ लाख रुपयांचा फरक होतो.

आता विचार करा. माझा ऊस कच्चा असताना मी ओळखीपाळखीने तोडून घेतला, तर माझे वजन भरले आणि मी मोकळा झालो. पण त्या कच्च्या उसाने सरासरी खाली ओढली आणि तोटा वाटला गेला सगळ्यांत. उलट एखाद्याचा ऊस पिकून शेतात वाळत राहिला, तर त्याचेही वजन गेले आणि साखरही गेली. म्हणून कोणाचा ऊस कधी पिकला हे खरे कळणे, ही सर्वांच्या भल्याची गोष्ट आहे. ते खरे कळायला आपल्याजवळ जे साधन आहे ते म्हणजे प्रकाश. प्रकाश रसातून जाताना वाकतो, पिळला जातो, काही रंग गिळले जातात, आणि सोन्याच्या पातळ थरावर तो एक वेगळाच खेळ करतो. या चार गोष्टी क्रमाने घेऊ.

पाण्यातली काठी वाकडी का दिसते

विहिरीत काठी तिरपी बुडवली की पाण्याच्या पातळीपाशी ती मोडल्यासारखी दिसते. तळसुद्धा असतो त्यापेक्षा वर आलेला वाटतो. याचे कारण हवेतून पाण्यात शिरताना प्रकाशाचा वेग कमी होतो आणि तो दिशा बदलतो. किती बदलतो, याचा एक आकडा असतो. त्याला वक्रीभवनांक म्हणतात. शुद्ध पाण्याचा २० अंश सेल्सिअसला तो १.३३३ आहे. शंभर ग्रॅम द्रावणात २० ग्रॅम साखर असेल तर तो १.३६४ च्या आसपास जातो. म्हणजे साखर जितकी जास्त तितका प्रकाश जास्त वाकतो. फरक तिसऱ्या-चौथ्या दशांश स्थळाचा, पण पक्का.

आपल्या हॅण्ड रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे ब्रिक्स मीटरच्या तोंडाशी तिरपी कापलेली काच असते. तिला प्रिझम म्हणतात. तिच्यावर रसाचा थेंब टाकून झाकण मिटले, की रसातून काचेत येणारा प्रकाश एका ठराविक कोनापर्यंतच पोहोचू शकतो. त्या कोनापलीकडे अंधार. म्हणून आत पाहिले की वर निळसर आणि खाली पांढरा भाग दिसतो व मध्ये रेघ असते. रस गोड झाला की ती रेघ पट्टीवर वर सरकते. रेघ ज्या आकड्यावर तो ब्रिक्स. मेळाव्यातल्या सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. आमच्या माणसाला नळीत सावलीची एक रेघ दिसते, दुसरे काही नाही.

प्रयोगशाळेत वापरायचे असे यंत्र जर्मनीतल्या येना गावी अर्न्स्ट ॲबे या शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये तयार केले. आज आपल्या ओव्हरसिअरच्या खिशात असते ते त्याचेच लहान भावंड.

माझ्या हातून झालेली चूक

यंत्र साधे असले तरी ते फसवू शकते. खरे म्हणजे यंत्र फसवत नाही, आपण त्याला नीट वागवत नाही. हे मी पुस्तकातून शिकलो नाही, चूक करून शिकलो.

पदविका घेऊन नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या हंगामातली गोष्ट. माझ्याजवळचे ब्रिक्स मीटर आधी कुणाच्या तरी हातून पडले होते. सकाळी शुद्ध पाण्याचा थेंब टाकून रेघ शून्यावर आहे का ते पाहायचे असते. हा नियम मला पाठ होता, पण धावपळीत मी तो पाळला नाही. ते मीटर दोन अंश कमी दाखवत होते. एका वयस्कर विधवा सभासद बाईंच्या उसाला मी 'कच्चा' असा शेरा मारला आणि तोडणी जवळजवळ तीन आठवडे पुढे गेली. नंतर तपासणीत मीटरचा दोष उघड झाला. मी त्यांच्या बांधावर गेलो, खरे काय झाले ते सांगितले. ऊस लोळला होता, खालची कांडी कोल्ह्यांनी फोडली होती. बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "लेकरा, तुझ्या नळीला ऊस कच्चा लागला, पर कोल्ह्याला कवाच गोड लागलाय बघ."

खोडव्याला उशीर झाला, त्या वर्षी त्यांना जो फटका बसला तो मला भरून देता आला नाही. तेव्हापासून रोज सकाळी पाण्याचा थेंब टाकून रेघ शून्यावर आणल्याशिवाय मी शिवारात पाऊल ठेवत नाही, आणि माझ्या हाताखालच्या मुलांनाही ठेवू देत नाही.

ब्रिक्स म्हणजे सगळी साखर नव्हे

दुसरी गोष्ट लक्षात ठेवायची ती अशी. ब्रिक्स मीटरला साखर ओळखता येत नाही. रसात जे जे विरघळले आहे ते सगळे मिळून प्रकाश किती वाकवते, एवढेच ते सांगते. त्यात साखर आली, ग्लुकोज-फ्रुक्टोज आले, क्षारही आले. चोपण, क्षारपड जमिनीतल्या उसाचा ब्रिक्स बरा दिसतो आणि गाळपात साखर मात्र कमी निघते, त्यामागचे एक कारण हेच. कच्च्या उसाच्या वरच्या कांड्यातही ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त असते.

म्हणून कारखान्याच्या प्रयोगशाळेत दुसरे यंत्र असते, पोलॅरिमीटर. त्याची गंमत अशी. साधा प्रकाश सगळ्या दिशांनी हेलकावत येतो. खिडकीच्या उभ्या गजांतून फळी फक्त उभीच आत सरकते, तसे एका विशिष्ट गाळणीतून प्रकाश सोडला की एकाच दिशेने हेलकावणारा प्रकाश पुढे जातो. हा प्रकाश साखरेच्या पाण्यातून गेला की ती दिशा उजवीकडे पिळली जाते. फ्रान्समधल्या बायो या शास्त्रज्ञाने १८१५ च्या सुमारास द्रवांचा हा गुण दाखवून दिला. आजही जगभर साखर मोजण्याचा आंतरराष्ट्रीय नियम त्यावरच उभा आहे. २६ ग्रॅम शुद्ध साखर पाण्यात विरघळवून १०० मिलीलिटर करायची, २० सेंटिमीटर लांब नळीत भरायची. पिवळ्या सोडियम प्रकाशाची दिशा साधारण ३४.६ अंश वळते. तेवढे वळले की १०० पोल.

ग्लुकोज उजवीकडे वळवते, फ्रुक्टोज त्याहून जोरात डावीकडे. दोन्ही सारखे असले तर एकूण कल डावीकडे जातो. म्हणून उसातली साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज झाली, की ब्रिक्स फारसा हलत नाही पण पोल घसरतो. पोल भागिले ब्रिक्स गुणिले शंभर, म्हणजे शुद्धता. शुद्धता ८५ च्या वर गेली की ऊस पिकला असे आपण समजतो.

पण पोलॅरिमीटरलाही चकवणारा एक जण आहे. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस उन्हात पडला, की कापलेल्या टोकातून ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू शिरतात आणि साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ तयार करतात. हा डेक्स्ट्रान साखरेच्या सुमारे तिप्पट जोराने प्रकाश उजवीकडे वळवतो. परिणाम असा, की साखर गेलेली असूनही पोल फुगून दिसतो. पुढे रस गाळताना चिकटपणा त्रास देतो, स्फटिक लांबट होतात आणि साखर मळीत जाते. कागदावर दिसलेली साखर पोत्यात येत नाही. म्हणून तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडावा असा आम्ही आग्रह धरतो. तो कुणाला छळण्यासाठी नाही.

गिळलेल्या रंगांची भाषा

तिसरा प्रकार आहे गिळल्या गेलेल्या प्रकाशाचा. लाल रंगाच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश असतो. त्यातला जवळचा पट्टा म्हणजे निअर इन्फ्रारेड, थोडक्यात एनआयआर. पाणी या पट्ट्यातला काही भाग गिळते, साखर दुसरा भाग गिळते, चोथा तिसरा. कोणता भाग किती परत आला हे पाहून पदार्थात काय किती आहे याचा हिशोब मांडता येतो. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या कार्ल नॉरिस यांनी १९६० च्या दशकात धान्यातला ओलावा आणि प्रथिने मोजायला ही रीत वापरात आणली. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड भागातल्या साखर कारखान्यांनी चिरलेला ऊस पट्ट्यावरून जातानाच त्यावर हा प्रकाश टाकून प्रत्येकाच्या उसाची प्रत मोजायला सुरुवात केली. तिथे शेतकऱ्याला पैसेही त्याच्या स्वतःच्या उसाच्या प्रतीवर मिळतात.

ऐकायला बरे वाटते. पण एक मेख आहे. एनआयआर यंत्र जन्मतः शहाणे नसते. त्याला शिकवावे लागते. शेकडो नमुने नेहमीच्या पद्धतीने प्रयोगशाळेत तपासायचे, तेच नमुने यंत्राला दाखवायचे, मग त्याला मेळ बसतो. परक्या मुलखातल्या, परक्या जातीच्या उसावर शिकलेले यंत्र आपल्या को ८६०३२ वर किंवा फुले २६५ वर चुकणार. म्हणून असे यंत्र कुणी विकायला आणले तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की हे कुणाच्या उसावर शिकले आहे?

याच कुळातला आणखी एक प्रकार आता आपल्या कानावर येतो, तो म्हणजे उपग्रहावरून ऊस पाहणे. युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेतला पहिला उपग्रह २०१५ मध्ये, दुसरा २०१७ मध्ये वर गेला. या मालिकेतल्या उपग्रहांची जोडी साधारण पाच दिवसांनी तोच शिवार पुन्हा पाहते. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे १० मीटर गुणिले १० मीटर, अर्थात जवळपास एक गुंठा. हिरवे निरोगी पान लाल प्रकाश गिळते आणि एनआयआर परत फेकते. या दोहोंच्या फरकावरून पीक जोमात आहे की तहानलेले, ते कळते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उपग्रहाची चित्रे, हवामान केंद्र आणि जमिनीतले सेन्सर यांची सांगड घालून उसावर काम चालवले आहे, ते आपल्यापैकी काहींनी पाहिलेही असेल. मात्र उपग्रहाला पान दिसते, रस दिसत नाही. पावसाळ्यात ढग आले की पानही दिसत नाही.

सोन्याचा पापुद्रा

आता त्या तरुण सभासदाच्या प्रश्नाकडे येऊ. ब्रिक्स मीटरमधली ती तिरपी काच पुन्हा डोळ्यांसमोर आणा. त्या काचेवर सोन्याचा अतिशय पातळ थर चढवला, तर काय होते?

थर किती पातळ ते आधी सांगतो. एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. वहीचा कागद साधारण एक लाख नॅनोमीटर जाड असतो. सोन्याचा हा थर असतो सुमारे ५० नॅनोमीटर. कागदाच्या जाडीचा दोन हजारावा भाग.

सोन्यात, चांदीत, कुठल्याही धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. हौदातल्या पाण्यासारखे ते इकडून तिकडे हेलकावू शकतात. झोपाळ्याला कसाही धक्का दिला तर तो नीट झुलत नाही, पण त्याच्या ठेक्यात धक्का दिला की थोड्या बळावरही उंच जातो. तसेच इथे आहे. काचेच्या बाजूने प्रकाश तिरपा टाकला तर एरवी तो सोन्यावरून परत फिरतो. पण एका नेमक्या कोनात त्याचा ठेका इलेक्ट्रॉनांच्या ठेक्याशी जुळतो आणि प्रकाश आपले बळ त्यांना देऊन टाकतो. परत येणाऱ्या प्रकाशात त्या कोनापाशी काळा पट्टा दिसतो. इलेक्ट्रॉनांच्या या एकत्र हेलकाव्याला प्लाझ्मॉन म्हणतात.

हा कोन कोणता असेल, ते सोन्याच्या पलीकडच्या बाजूला काय चिकटले आहे यावर ठरते. पलीकडे पाणी असेल तर एक कोन, साखरपाणी असेल तर दुसरा. म्हणजे पुन्हा वक्रीभवनांकच! आपल्या ब्रिक्स मीटरची रेघ आणि या यंत्राचा काळा पट्टा हे एकाच घरातले.

मग नवे काय? दोन गोष्टी. पहिली म्हणजे बारकावा. चांगले हातातले ब्रिक्स मीटर ०.२ अंशापर्यंत फरक दाखवते. प्रयोगशाळेतले सोन्याच्या थराचे यंत्र त्याच्या शेकडो पट बारीक फरक टिपते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हा प्रकाश सोन्यापलीकडे फक्त दोनशे नॅनोमीटरच्या आसपास डोकावतो, कुंपणावरून शेजारच्या रानात नुसते डोके काढल्यासारखा. त्यामुळे भांड्यातले सगळे पाणी त्याला दिसत नाही, सोन्याला जे चिकटले तेच दिसते. म्हणून सोन्यावर आधीच आकडे लावून ठेवता येतात. कुलपाला एकच किल्ली बसते, तसे विशिष्ट रोगजंतूला धरणारे पदार्थ असतात, त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. ती सोन्यावर बसवायची आणि वरून नमुना सोडायचा. जंतू असला तर तो अडकतो, काळा पट्टा सरकतो. नसला तर पट्टा जागेवर राहतो.

ही विद्या एका दिवसात आली नाही. धातूवर पडलेल्या प्रकाशात असे चमत्कारिक काळे पट्टे अमेरिकेच्या रॉबर्ट वुड यांनी १९०२ मध्ये पाहिले, पण कारण कळले नाही. १९५७ मध्ये रिची यांनी इलेक्ट्रॉनांच्या हेलकाव्याचे गणित मांडले. १९६८ मध्ये जर्मनीत ऑटो यांनी एका रीतीने, आणि क्रेचमन व रेथर यांनी काचेवरच धातूचा थर देऊन दुसऱ्या रीतीने तो हेलकावा उठवून दाखवला. १९८३ मध्ये स्वीडनमध्ये त्याचा उपयोग वायू आणि जैविक पदार्थ ओळखायला झाला आणि १९९० मध्ये तिथल्याच एका कंपनीने असे यंत्र बाजारात आणले. आज औषधे शोधणाऱ्या प्रयोगशाळांतून ते नेहमीच्या कामाचे झाले आहे. सध्या त्याला लहान करण्याची खटपट चालू आहे. कुणी काचेच्या केसासारख्या तंतूवर सोने चढवतो, कुणी मोबाइलच्या कॅमेऱ्याने रंगातला फरक वाचतो.

ती लाल रेघ सोन्याची असते

सोन्याचा थर न देता त्याचे बारीक कण केले तरी तोच खेळ होतो. चाळीस-एक नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात तरंगवले, की ते पाणी सोनेरी दिसत नाही, माणकासारखे लाल दिसते. कणांतले इलेक्ट्रॉन हिरव्या प्रकाशाच्या ठेक्यावर झुलतात, तो गिळतात आणि उरलेला लाल आपल्याला दिसतो. इंग्लंडच्या मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये असे लाल पाणी तयार करून अभ्यासले होते.

तुम्ही म्हणाल, हे आम्ही कुठे पाहिले? पाहिले आहे. औषधाच्या दुकानात दिवस गेले का पाहायची पट्टी मिळते, तिच्यावर उमटणारी तांबडी रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या अशाच कणांची असते. करोनाच्या साथीत नाकातला नमुना घेऊन पंधरा मिनिटांत निकाल देणाऱ्या कित्येक पट्ट्यांवरही तीच रेघ होती. हवा तो पदार्थ सापडला की सोन्याचे कण त्या जागी अडकून गोळा होतात आणि रेघ दिसते. त्यात सोने इतके थोडे असते, की सोनाराकडे नेऊन उपयोग नाही!

खडबडीत चांदीवरही असाच एक प्रकार घडतो. आपल्या सर सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात जो परिणाम जाहीर केला, तो फार मंद असतो. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये खडबडीत चांदीला चिकटलेल्या पदार्थाकडून तोच परिणाम ठळकपणे दिसला; अशा वेळी तो लाखो पट ठळक होतो. फळाभाजीवर राहिलेला कीटकनाशकाचा अंश शोधण्यासाठी या रीतीवर काम चालू आहे. द्राक्ष-डाळिंब करणाऱ्या सभासदांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्या शिवारात त्याचा उपयोग कुठे

उसाची गोडी मोजायला सोन्याच्या थराची गरज नाही. त्याला आपले ब्रिक्स मीटर पुरेसे आहे. गरज आहे ती बेण्याला.

उसाचे काही रोग असे आहेत की डोळ्यांना दिसेपर्यंत वेळ निघून जाते. गवताळ वाढीचा रोग बेण्यातून येतो आणि दिसतो तो फुटवे गवतासारखे झाल्यावर. खोडवा खुजा राहण्याचा जो रोग आहे, त्याचे तर वरून काही लक्षणच दिसत नाही. कांडी आखूड राहतात, ऊस बारीक पडतो आणि आपण म्हणतो, खत कमी पडले, पाणी कमी पडले. जिवाणू मात्र बेण्यातून आणि कोयत्याच्या पात्यावरून एका बुडख्यातून दुसऱ्यात जात असतो. अशा वेळी बेणेमळ्याच्या बांधावर उभे राहून रसाचा थेंब पट्टीवर टाकला आणि रेघ उमटली, तर तो प्लॉट बेण्यातून बाद करता येईल. बटाटा आणि भाजीपाल्यातल्या काही विषाणूंसाठी अशा पट्ट्या बाजारात मिळतातही.

उसात अडचणी आहेत, त्या लपवत नाही. उसाचा रस गढूळ, चिकट आणि साखरेने भरलेला. सोन्याच्या थराला साखरेचाही फरक कळतो, त्यामुळे काळा पट्टा जंतूने सरकला की साखरेने, हा घोळ होतो. म्हणून नमुना धुऊन, गाळून घ्यावा लागतो. रसातले भलतेच पदार्थ सोन्यावर येऊन बसतात तेही खोटा निकाल देतात. शिवाय एका बेटातला एक ऊस तपासून एकराचा निकाल देता येत नाही. नमुना किती ठिकाणचा, हा प्रश्न यंत्र बदलले तरी तोच राहतो. तेव्हा उद्या कुणी चकचकीत डबी घेऊन दारात आला आणि 'उसाचे सगळे रोग एका मिनिटात' म्हणाला, तर घाईने पैसे मोजू नका. गट ऑफिसला आणा, आपण रोगी आणि निरोगी दोन्ही नमुन्यांवर ती तपासून पाहू. तोवर उष्ण-बाष्प प्रक्रिया केलेले किंवा ऊतिसंवर्धित रोपांपासून वाढवलेले बेणे आणि स्वच्छ केलेला कोयता, हाच खात्रीचा उपाय.

तोपर्यंत एवढे कराच

नवे यंत्र येईल तेव्हा येईल. हातातले जुने नीट वापरले तर आजच्या आज फायदा आहे. आमचा माणूस ब्रिक्स घ्यायला येईल तेव्हा आपण स्वतः हजर राहा आणि पुढील गोष्टी पाहा.

१. नमुना घेण्यापूर्वी स्वच्छ पाण्याचा थेंब टाकून रेघ शून्यावर आहे ना, ते त्याला दाखवायला सांगा. यात संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

२. काच कोरडी हवी. पाण्याचा अंश राहिला तर रस पातळ होऊन आकडा खाली येतो. काच सदऱ्याच्या टोकाने पुसू देऊ नका, मातीच्या कणाने ओरखडा पडतो. ओला मऊ कापूस वापरावा.

३. बांधाकडेचा, पाटाकडेचा ऊस घेऊ नये. आत शिरून निदान पाच ठिकाणचे ऊस घ्यावेत. लोळलेला, पोखरलेला ऊस टाळावा.

४. एकाच कांड्यावर थांबू नये. बुडखा, मध्य आणि शेंडा अशा तीन ठिकाणी ब्रिक्स घ्यावा. शेंड्याच्या आकड्याला बुडख्याच्या आकड्याने भागावे. बुडख्याला २० आणि शेंड्याला १५ आले, तर उत्तर ०.७५, ऊस कच्चा. २० आणि १९ आले, तर ०.९५, ऊस पिकला. उत्तर एकाच्या वर गेले तर ऊस पिकून उतरणीला लागला, त्याला आधी तोड द्यावी.

५. पाऊस झाल्यावर किंवा पाणी दिल्यावर लगेच नमुना घेऊ नये.

६. मीटरमध्ये तापमानाची सोय नसेल तर दुपारच्या उन्हात तो कमी आकडा दाखवतो. २० ब्रिक्सच्या आसपास ३० अंश तापमानाला साधारण पाऊण अंश मिळवावा लागतो. सकाळी लवकर नमुना घेतलेला बरा.

७. आकडा वहीत लिहून घ्या, तारीख घाला. पंधरा दिवसांनी पुन्हा घेतलेला आकडा शेजारी लिहा. एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांतली वाढ जास्त बोलते.

शेवटी एक विनंती. पुढच्या वेळी आमचा मुलगा एक डोळा मिटून आभाळाकडे पाहू लागला, की त्याच्या हातातली नळी मागून घ्या आणि आपणही डोळा लावा. घरातल्या मुलामुलींना दाखवा, माउलींनीही पाहावे. निळ्या-पांढऱ्याच्या मधली रेघ तुमच्या डोळ्यांनी तुम्ही पाहिली, आकडा तुमच्या तोंडून आला, म्हणजे तोडणी कार्यक्रमावरून होणारी निम्मी भांडणे होणारच नाहीत. आकडा पटला नाही तर दुसऱ्या मीटरवर घ्यायला लावा. तरीही शंका राहिली तर मला बोलवा, मी स्वतः येईन. त्या बाईंच्या बांधावर मला जे ऐकावे लागले, ते पुन्हा कुणाच्या बांधावर ऐकण्याची वेळ यावी असे मला वाटत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी